वडिलांना फरदड सोडण्यास कसे पटवावे?

गिरणाकाठ (एरंडोल तालुका)

सर्वांना नमस्कार. प्रश्न कपाशीच्या फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडे पाणी देऊन पुढे राखण्याचा आहे, पण त्याहून अधिक तो समजूत घालण्याचा आहे.

आमची सहा एकर काळी जमीन आहे. विहीर आहे, ठिबक आहे. मी नोकरीनिमित्त जळगावला राहतो आणि शनिवारी-रविवारी गावी जातो. शेतीचे सर्व आबा, म्हणजे माझे वडील, पाहतात. यंदाच्या कपाशीच्या दोन वेचण्या दिवाळीपर्यंत झाल्या असून तिसरी चालू आहे. तिसरी वेचणी संपताच पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडे) उपटून रान मोकळे करावे, जमेल तेवढ्या क्षेत्रावर रब्बी मका आणि उरलेल्यावर पुढे उन्हाळी बाजरी घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. आबांचे म्हणणे असे की दोन पाणी आणि युरियाची एक गोणी दिली की झाड पुन्हा फुटते आणि मार्चपर्यंत फरदडीचा कापूस घरात येतो. त्यांनी आयुष्यभर हेच केले आहे.

गेल्या वर्षी याच फरदडीचा कापूस निम्म्याहून अधिक कवडी (किडका, डागाळलेला) निघाला. खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याने ओट्यावर ढिगात हात घातला, मूठभर कापूस वर काढून आबांसमोर धरला आणि काही न बोलता भाव खाली आणला. गुलाबी बोंडअळी हे त्याचे कारण होते. हिवाळ्यानंतर कपाशी उभी ठेवली की अळीला सलग अन्न मिळते, उरलेल्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत ती सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पहिल्या पात्या (कळ्या) आणि फुलांवर तिचेच पतंग येतात, हे कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आहे. मी आबांना मोबाइलवर माहितीचे व्हिडिओ दाखवले, जमाखर्चाचा तक्ता करून नेला, विद्यापीठाची घडीपत्रिका वाचून दाखवली. प्रत्येक वेळी ते शांतपणे ऐकत आणि शेवटी "पाहू" म्हणत.

मागच्या रविवारी मात्र माझा तोल गेला. रात्री सगळे जेवायला बसलो होतो. काका होते, आमचा सालदारही (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) होता. बोलता बोलता मी म्हणून गेलो की, "तुमच्या फरदडीमुळे आपलेच नाही, शेजारच्या चार जणांचेही नुकसान होते." आबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली, "माले शिकाडू नको" एवढेच म्हणाले आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. तेव्हापासून त्यांचा माझ्याशी अबोला आहे, आणि फरदड घ्यायचीच हा त्यांचा निर्धार पूर्वीपेक्षा पक्का झाल्याचे आई फोनवर सांगते.

मी बरोबर आहे याची मला खात्री आहे. तरीही माझ्या बरोबर असण्याने काहीच हलत नाही. स्वतःच्या अनुभवावर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे मत त्याचा मान न दुखवता बदलता येते का? ज्यांनी कोणाचे मत खरोखर बदलले आहे, किंवा ज्यांचे स्वतःचे बदलले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

बांधावरचा माणूस (निवृत्त कृषी सहायक, धरणगाव)

भाऊ, माझी सारी नोकरी याच कामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही आबांना व्हिडिओ, तक्ता आणि घडीपत्रिका दाखवली. या तिन्ही वस्तू बाहेरून आलेल्या आहेत आणि तिन्हींतील निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. आबांना करण्यासारखे त्यांत काहीच उरत नाही. मान्य करायचे किंवा नाकारायचे, एवढेच. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही हेच करत असे. ग्रामपंचायतीत सभा घ्यायची, तक्ता टांगायचा आणि बोलत राहायचे. लोक आदराने ऐकत, चहा पाजत आणि दुसऱ्या दिवशी जे करायचे तेच करत.

गुलाबी बोंडअळीची खरी अडचण अशी की ती दिसत नाही. मावा, तुडतुडे पानावर दिसतात. ही अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते, आत गेलेले छिद्र बुजते आणि बाहेरून कैरी, म्हणजे कपाशीचे कच्चे बोंड, हिरवीगार, टणक दिसते. ज्याने चाळीस वर्षे कपाशी केली त्याला त्याचे डोळे सांगतात की झाड उत्तम आहे. तुम्ही त्याला सांगता की झाड आतून पोखरले आहे. माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार की तुमच्या तोंडावर?

म्हणून मी बोलणे कमी केले आणि खिशात ब्लेड ठेवू लागलो. शेतावर जायचे आणि शेतकऱ्यालाच म्हणायचे की, नाना, तुमच्या पसंतीच्या वीस हिरव्या कैऱ्या एका एकरातून तोडून आणा. कैऱ्या मी निवडायच्या नाहीत, हा माझा कटाक्ष असे, कारण मी निवडल्या तर त्याला वाटते की किडलेल्या हुडकून आणल्या. तो उत्तमातल्या उत्तम आणतो. मग बांधावर बसून त्यानेच एकेक कैरी उभी चिरायची. पहिल्या दोन-तीन स्वच्छ निघाल्या की त्याचा चेहरा खुलतो, आणि आपण त्या आनंदात मनापासून सहभागी व्हायचे. मग एखादीत सरकीच्या दोन दाण्यांना एकत्र चिकटवून त्यांच्या आत बसलेली गुलाबी अळी निघते. त्या क्षणी मी कधीही काही बोललो नाही. वीसपैकी दोन कैऱ्यांत जिवंत अळी निघाली की आर्थिक नुकसानीची पातळी (जिच्यापुढे उपाय करावाच लागतो) गाठली, हा हिशेब त्याने विचारल्यावरच सांगायचा. बहुतेक जण विचारतात.

येथे २०१७ च्या हंगामाची आठवण सांगणे आवश्यक वाटते. बीटी कपाशीला (बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या वाणाला) आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तेव्हा लोकांना सांगितले गेले की आता बोंडअळीचे नाव काढू नका, आणि पहिली काही वर्षे ते खरेही ठरले. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन्ही प्रथिनांना दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये विदर्भापासून खान्देशापर्यंत बोंडे सडली. ज्या तोंडांनी "अळी येणार नाही" असे सांगितले होते, तीच तोंडे नंतर "फरदड घेऊ नका" सांगू लागली. आबांच्या "पाहू"मध्ये हा इतिहास आहे. त्याला हट्ट म्हणू नये. ज्याला आपण पटवायला निघालो त्याच्याकडे अविश्वासाचे सबळ कारण असेल, तर ते आधी आपल्या तोंडाने मान्य करावे लागते. "आबा, पूर्वी आम्ही सांगितले ते चुकले होते" हे वाक्य मी अनेक बांधांवर उच्चारले आहे आणि त्यानंतरच संभाषण पुढे सरकले आहे.

कृषी विस्ताराच्या प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेतील आयोवा राज्याचा एक अभ्यास शिकवत. रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी तो १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. संकरित मक्याचे बियाणे तेथे १९२८ च्या सुमारास आले. त्याचे उत्पादन जुन्या वाणापेक्षा सुमारे २० टक्के अधिक होते, पण ते दरवर्षी विकत घ्यावे लागे. त्यांनी २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते, तथापि पहिल्या पाच वर्षांत, म्हणजे १९३३ पर्यंत, केवळ १० टक्के लोक वळले होते आणि पुढच्या तीनच वर्षांत तो आकडा ४० टक्क्यांवर गेला. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. निर्णय मात्र शेजाऱ्याचे शेत पाहून झाला. शिवाय बहुतेकांनी आधी थोड्याच क्षेत्रावर पेरून पाहिले होते. उत्पादनातील एवढा उघड फायदाही पाच वर्षे दहातल्या एकालाच पटला, हे लक्षात घेतले तर आबांच्या दोन-तीन वर्षांच्या "पाहू"ने तुम्ही एवढे खचू नये.

तेव्हा सहा एकरांची मागणी सोडा, दोन एकर मागा, आणि कोणते दोन एकर ते आबांना ठरवू द्या.

खरे_ते_सांगतो

एवढे लांबण कशाला लावायचे? ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करून टाका, पाणी नाही तर फरदड नाही. किंवा गावातील एखाद्या वजनदार माणसाकडून दबाव आणा. जुनी माणसे बोलण्याने बदलत नाहीत.

केळीबाग (चोपडा तालुका)

वर दिलेला व्हॉल्व्ह बंद करण्याचा सल्ला कृपया ऐकू नये. मी चौसष्ट वर्षांचा शेतकरी आहे आणि या प्रश्नात मी आबांच्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून त्या बाजूने काय दिसते ते लिहितो.

माझ्या मुलाने केळीच्या टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांसाठी माझ्यामागे तीन वर्षे तगादा लावला होता. माझा विरोध होता. आम्ही आमच्या बागेतील सर्वांत जोमदार झाड हेरून त्याचे कंद काढत असू. ती निवड करण्याची नजर मला माझ्या वडिलांनी दिली होती आणि त्या नजरेला आमच्या गावात मान होता. लोक माझ्याकडे कंद मागायला येत. मुलगा म्हणे, "रोपे आणली की निवडीची गरजच नाही." तो फायदा सांगत होता. मला ऐकू येत होते ते वेगळेच, की तुमची नजर आता निरुपयोगी झाली. मी रोपांना नाही म्हणत नव्हतो, त्या वाक्याला नाही म्हणत होतो. हे मला स्वतःलाही फार उशिरा कळले.

बदल दोन गोष्टींमुळे झाला. तिसऱ्या वर्षी त्याने मांडलेल्या हिशेबात रोपांच्या वाहतुकीचा खर्च धरायचा राहिला होता. मी तो दाखवला, तेव्हा त्याने सबबी न सांगता वही पुढे ओढली, माझ्यासमोर आकडा खोडला आणि म्हणाला, "दादा, माझे चुकले, आता तुम्हीच मांडा." ज्याला स्वतःची चूक मान्य करता येते त्याचे ऐकायला हरकत नाही, असे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटले. दुसरे असे की त्याने मला विचारले, "रोपांपैकी कमजोर कोणती ते तुम्ही पाहून काढाल का?" तीनशे रोपे उतरवली होती, मी सकाळपासून बसून एकेक पिशवी पाहिली आणि चाळीसेक बाजूला काढली. माझी नजर कामाला आली. उरलेली रोपे एका कोपऱ्यात लावली. त्या कोपऱ्याची निसवण (घड बाहेर पडणे) एकाच वेळी झाली आणि वर्षभरात कापणी संपली, तर कंदाची बाग त्यानंतरही कित्येक महिने थोडी थोडी कापत राहिलो. त्यापुढे त्याला मला काही सांगावे लागले नाही.

आता तुमच्याविषयी. फरदडीचा पैसा मार्चमध्ये येतो. मार्चमध्ये आबांना पैसा कशासाठी लागतो, हे तुम्ही कधी विचारले आहे का? सोसायटीचा मार्चअखेरचा भरणा असेल, सालदाराची उचल असेल, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते तिचे काही असेल. खरिपाचा पैसा दिवाळीत आणि देण्याघेण्यात संपतो. त्यानंतर आखाजीपर्यंत शेतकऱ्याच्या हातात काही नसते. फरदड हा त्या कोरड्या महिन्यांचा आधार आहे. तुम्हाला दर महिन्याला पगार मिळतो, म्हणून ती पोकळी तुम्हाला दिसत नसावी. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. पण तुमचा तक्ता उत्पन्न सांगतो आणि आबा तारीख पाहतात. मका अधिक पैसे देईल, पण केव्हा देईल, याचे उत्तर त्या तक्त्यात असले पाहिजे.

सातपुड्यातील आशा (अक्राणी तालुका)

मी आशा कार्यकर्ती आहे. कपाशीतले मला फारसे कळत नाही. तथापि नकाराचे होकारात रूपांतर होताना मी जवळून पाहिले आहे, म्हणून एक अनुभव लिहिते.

आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजाराचे एक जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून गरोदर स्त्रीची आणि तिच्या नवऱ्याची तपासणी लवकर व्हावी लागते. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि प्रत्येक केंद्रावर फलक लागले, पण फलक पाहून कोणी बोट पुढे करत नाही. एका पाड्यावर एक सासूबाई सुनेच्या रक्ततपासणीस ठाम नकार देत होत्या. मी तीन वेळा गेले, आजाराची भयंकर लक्षणे सांगितली, सरकारी चित्रे दाखवली. माझ्या प्रत्येक खेपेनंतर त्यांचा नकार वाढत गेला आणि चौथ्या वेळी त्यांनी मला अंगणातही बोलावले नाही.

पाचव्या वेळी मी पिशवी बाहेर ठेवली. त्या मका सोलत होत्या, मीही शेजारी बसून सोलू लागले. बराच वेळ आजारावर एक शब्द काढला नाही. मग मी विचारले की, तुम्हाला या तपासणीत नेमके काय खटकते? त्यांचे उत्तर मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा अगदी निराळे होते. त्यांना सुईची भीती नव्हती, सरकारचा रागही नव्हता. शेजारच्या पाड्यावर एका मुलीचा कागद वाहक म्हणून आला, गावभर झाला आणि तिचे ठरलेले लग्न मोडले, हे त्यांनी पाहिले होते. आणि त्यांच्या घरी लग्नाची एक मुलगी होती. माझी तिन्ही व्याख्याने ज्या भीतीवर दिली होती ती भीती त्यांच्या मनात नव्हतीच. जी होती तिच्याविषयी मी एकदाही विचारले नव्हते.

मी म्हटले, "तुमचे म्हणणे खरे आहे, असे घडले आहे आणि ते व्हायला नको होते." नंतर, "मला माहीत आहे ते सांगू का?" असे विचारले. त्यांनी मान हलवल्यावर समोरच्या ढिगातून पांढरे आणि लाल दाणे घेतले. एक पांढरा, एक लाल अशी जोडी नवऱ्याची, तशीच जोडी बायकोची. प्रत्येकाकडून एक दाणा बाळाकडे जातो. आम्ही ते दाणे जमिनीवर मांडत गेलो. दोन लाल एकत्र आले की आजार, एक लाल आला तर फक्त वाहक आणि तो माणूस ठणठणीत, हे त्यांनी दाणे सरकवता सरकवता स्वतःच म्हटले. मग थांबून म्हणाल्या, "धाकट्याचे सांधे दरवर्षी पावसाळ्यात दुखतात ते." मी ते सुचवले नव्हते. ते त्यांनी जोडले. कागद फक्त घरच्यांच्या हाती देण्याचे मी त्यांना वचन दिले आणि ते पाळले. त्या आठवड्यात त्यांनी सुनेबरोबर धाकट्या मुलालाही केंद्रावर आणले.

दादा, आबांना फरदडीचे तोटे सांगण्याआधी त्यांना नेमके काय खटकते ते विचारावे, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. ते फार अवघड असते, हे मी अनुभवाने सांगते.

प्राध्यापक (अमळनेर)

मी मानसशास्त्र शिकवतो. वरील तिन्ही उत्तरांना जोडून दोन मुद्दे मांडतो आणि एका ठिकाणी सौम्य मतभेद नोंदवतो.

जेवणाच्या वेळी जे घडले त्याकडे पुन्हा पाहावे. आबा तोपर्यंत "पाहू" म्हणत होते, म्हणजे दार उघडे होते. काका आणि सालदार यांच्यासमोर दोषारोप झाल्यावर त्यांना साक्षीदारांसमोर भूमिका घ्यावी लागली. आपले स्वातंत्र्य कोणी हिरावून घेत आहे असे वाटले की माणूस नेमकी तीच गोष्ट अधिक घट्ट धरतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये सविस्तर मांडले आहे. त्यात भर अशी की चारचौघांत घेतलेली भूमिका एकांतात सोडणे माणसाला जड जाते. म्हणून बांधावर कैरी चिरण्याचा उपाय मला उत्तम वाटत असला तरी तो पहिला असू नये. ज्या ताटावर अपमान झाला त्याच ताटावर, शक्य तर काका आणि सालदार उपस्थित असताना, तुम्ही क्षमा मागावी. ती मागताना फरदडीचा उल्लेखही करू नये. क्षमेला "पण" जोडला की ती क्षमा राहत नाही. हे न करता ब्लेड घेऊन गेलात, तर प्रत्येक किडलेली कैरी आबांना तुमचा विजय वाटेल.

दुसरा मुद्दा सांगणे आणि ठरवू देणे यांतील फरकाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता आणि प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड यांसारखे न खाल्ले जाणारे भाग लोकांनी खावेत असे सरकारला वाटत होते. कर्ट लेविन यांनी गृहिणींचे काही गट केले. निम्म्या गटांना उत्तम व्याख्यान दिले; उरलेल्या गटांत स्त्रियांनीच आपसांत अडचणींची चर्चा केली आणि शेवटी कोण करून पाहणार ते हात वर करून सांगितले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केला होता. दोन्हीकडे माहिती तीच होती आणि वेळही साधारण तेवढाच होता. तुमच्या गावात शेजारचे चार शेतकरी एकत्र बसले आणि आबा त्यांच्यातील एक म्हणून बोलले, तर तुमच्या शंभर व्हिडिओंपेक्षा ते परिणामकारक ठरेल. तुमचा प्रश्न एकट्या शेताने सुटणाराही नाही, कारण शेजारी फरदड उभी असेल तर पतंग बांध ओलांडून येणारच.

व्हॉल्व्ह बंद करण्याच्या सल्ल्याविषयी एवढेच म्हणेन की त्याने पाणी बंद होईल, मत तेच राहील. दबावाचाही प्रसंग असतो, हे मी नाकारत नाही. याच अमळनेरात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. पण त्या उपोषणाआधी ते कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरून सभा घेत होते, लोकांची मने वळवत होते, आणि प्रश्न माणसांच्या मूलभूत हक्काचा होता. दोन पाणी द्यावीत की नाही या प्रश्नाला ते हत्यार शोभत नाही. तुमच्या घरातील अबोला आबांनी धरला आहे. तो तुम्ही आधी मोडावा.

गिरणाकाठ (एरंडोल तालुका)

सर्वांची उत्तरे मी पुन्हा पुन्हा वाचली. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण त्याआधी लिहिण्यासारखे काही नव्हते.

प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे मी जेवताना, काका आणि सालदार असताना, आबांची क्षमा मागितली. आबा काहीच बोलले नाहीत, फक्त आईला म्हणाले, "त्याले भाकर वाढ." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो आणि मार्चच्या पैशाचे विचारले. चोपड्याच्या दादांचा अंदाज जवळजवळ बरोबर निघाला. सोसायटीचा भरणा आबा दिवाळीच्या कापसातूनच बाजूला काढतात, पण आखाजीला ताई आणि तिची मुले येतात तेव्हाचा सगळा खर्च आणि सालदाराच्या नव्या वर्षाची उचल ते फरदडीतून करत आले आहेत, आणि त्यासाठी माझ्याकडे कधीही हात पसरायचा नाही असे त्यांनी मनाशी ठरवलेले आहे. हे मला छत्तीस वर्षांत माहीत नव्हते. मी लगेच "मी देतो" म्हणणार होतो. आशाताईंनी लिहिलेले आठवले आणि गप्प राहिलो. मग आम्ही दोघांनी मिळून पाहिले की जानेवारीअखेर पेरलेली बाजरी आखाजीच्या सुमारास हाती येते, आणि तिचा कडबाही विकता येतो. तो हिशेब त्यांनी स्वतः मांडला.

कैऱ्या त्यानंतर चिरल्या. विहिरीकडच्या चार एकरांतून आबांनी निवडून वीस आणल्या, सहांत अळी निघाली. नाल्याकडच्या दोन एकरांत लागवड उशिरा झाली होती. तेथील विसांत एकच निघाली. मी सहा एकर सरसकट उपटा म्हणत होतो, आणि या दोन एकरांबाबत माझे म्हणणे घाईचे होते, हे मी आबांना सांगितले. ते बराच वेळ चिरलेल्या कैरीकडे पाहत बसले होते. शेवटी म्हणाले की चार एकर या आठवड्यात मोकळे करू, नाल्याकडचे महिनाभर ठेवू, पण त्याला पाणी आणि युरिया द्यायचा नाही, आहेत ती बोंडे फुटली की तेही उपटू. मला सहाही एकर आत्ताच हवे होते. मी होकार दिला.

शेजाऱ्यांचे काम मी हाती घेतलेले नाही. परवा काकांच्या बांधावर आबाच ब्लेड घेऊन बसले होते, असे सालदाराने सांगितले. काकांनी अजून काही ठरवलेले नाही.

बांधावरच्या काकांना एक विचारायचे आहे. नाल्याकडच्या दोन एकरांत कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) आता लावून उपयोग आहे का? आणि पतंग मोजायचे ते कसे?

बांधावरचा माणूस (निवृत्त कृषी सहायक, धरणगाव)

अवश्य लावा. एकरी दोन, म्हणजे चार सापळे पुरेत. पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे वर बांधा आणि ल्यूर (आतली गंधाची गोळी) साधारण तीन आठवड्यांनी बदला. पतंग रात्री येतात, म्हणून मोजणी सकाळी करायची. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, तर महिनाभर थांबू नका, तेही दोन एकर मोकळे करा. उपटलेल्या पऱ्हाट्या मात्र जळणासाठी बांधावर रचून ठेवू नका, अळी त्यांतच उन्हाळा काढते. मोजणीची वही आबांकडे द्या, आणि काकांच्या बांधावर एक सापळा लावायला ते तयार होतात का, हेही आबांनाच विचारू द्या.